बालाघाटच्या लेकींचे देणे

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, जेथे सपाट काळी रानं संपून बालाघाटाच्या टेकड्यांची चाहूल लागते, तेथे बार्शी हे तालुक्याचे गाव वसले आहे. भगवंताचे पुरातन देवस्थान, ज्वारी-तुरीची भरभक्कम बाजारपेठ आणि १८९७ साली धावू लागलेली ‘बार्शी लाइट रेल्वे’ ही अरुंद रुळांची आगगाडी, एवढ्यावरच या गावाची ख्याती दीर्घकाळ उभी होती. गावापासून थोड्याच कोसांवर एके काळी इंग्रजी अंमल संपे आणि निजामाचा मुलूख, म्हणजे लोकांच्या तोंडची मोगलाई, सुरू होई. परांडे, भूम, कळंब, तुळजापूर हे तालुके त्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला आणि आता त्या जिल्ह्याचे नावही धाराशिव असे झाले आहे. परंतु अंमल कोणाचाही असो, दुखणे घेऊन निघालेल्या माणसाने ही सरहद्द कधी जुमानली नाही आणि बार्शीची वाट सोडली नाही. या सरहद्दीच्या गावातील एका रुग्णालयाने आणि पलीकडच्या डोंगराळ, अवर्षणग्रस्त मुलखातील स्त्रियांनी मिळून कर्करोगाविषयीच्या मानवी ज्ञानात जी भर घातली, तिची दखल जगातील वैद्यकाने घेतली आहे. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत मात्र ती हकीकत आजही फारशी ठाऊक नाही, म्हणून ती येथे विस्ताराने मांडत आहे.

१

नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय हे त्या संस्थेचे नाव. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा ग्रामीण कर्करोग प्रकल्प याच रुग्णालयाच्या आश्रयाने चालत आला असून डॉ. बी. एम. नेने हे त्याचे धुरीण. टाटा रुग्णालय १९४१ साली परळला उभे राहिल्यापासून देशभरातील रोगी मुंबईची वाट धरीत आले आहेत. परंतु परांड्याच्या किंवा भूमच्या शेतमजूर स्त्रीला ती वाट परवडत नाही. रोजगार बुडतो, मुले कोणाच्या तरी हवाली करावी लागतात, धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत पदपथावर दिवस काढावे लागतात आणि या सगळ्या व्यवस्थेपायी निघण्याचा मुहूर्तच इतका लांबतो की, ती मुंबईला पोचते तेव्हा रोग शस्त्राच्या टप्प्यापलीकडे गेलेला असतो. कर्करोगाचे रुग्णालय तालुक्याच्या गावी असावे यामागचे प्रयोजन एवढे साधे आणि एवढे गंभीर आहे.

या रुग्णालयाचे पहिले मोठे शास्त्रीय काम म्हणजे कर्करोगाची नोंदवही. मुंबई शहरात अशी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी १९६३ साली सुरू झाली होती. पण शहरी नोंदणीची रीत खेड्यात चालत नाही. शहरात रोगी इस्पितळात येतो, त्याचा कागद दप्तरात राहतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणही लिहिले जाते. खेड्यात कित्येक रोगी कोणत्याही दप्तरात नोंद न होताच जात. त्यांच्या दुखण्याला नाव मिळत नसे आणि मृत्यूला कारण मिळत नसे. म्हणून १९८७ साली बार्शी, परांडे आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी जेव्हा बार्शीला सुरू झाली, तेव्हा नोंदवही घेऊन बसण्याऐवजी कार्यकर्त्यांनाच गावोगाव फिरावे लागले. सरपंच, ग्रामसेवक, शाळामास्तर, सुईण यांना भेटावे, चावडीवर किंवा शाळेच्या पडवीत लोकांना जमवावे, रोगाची लक्षणे समजावून सांगावीत आणि संशयित रोग्याला तपासणीसाठी बार्शीला आणावे, असा हा क्रम होता. अवेळी अंगावरून जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधी असलेले पाणी जाणे या गोष्टी, ज्या बायका सासूजवळही बोलत नसत, त्यांविषयी गावात मोकळेपणाने बोलणे सुरू झाले.

या नोंदवहीने दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली अशी की, या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक होता आणि मुंबईच्या स्त्रियांत ठळकपणे दिसणारा स्तनाचा कर्करोग येथे त्या मानाने पुष्कळ कमी होता. दुसरी गोष्ट अधिक आशादायक होती. कोणतेही महागडे यंत्र न आणता, केवळ वर्षानुवर्षे गावात जाऊन बोलत राहिल्याने स्त्रिया रोगाच्या पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. पुढे जो मोठा प्रयोग झाला, त्याचा पाया या बारा वर्षांच्या पायपिटीने आणि तिच्यातून कमावलेल्या विश्वासाने घातला गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण ज्या गावाने तुम्हांला कधी पाहिलेले नाही, त्या गावातील स्त्री तुमच्या सांगण्यावरून तपासणीच्या मेजावर चढत नाही.

२

चिकित्सेचा प्रयोग म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. ‘आमच्यावर प्रयोग करता काय?’ हा रोग्याच्या नातलगांचा संतप्त प्रश्न ही एक, आणि जे नवे ते अर्थातच अधिक गुणकारी ही दुसरी. दोन्ही समजुती टाकून देण्याजोग्या आहेत. वैद्याला एखादा उपाय कितीही उत्तम वाटला, तरी त्याचे वाटणे हा पुरावा नव्हे. कारण जे बरे झाले ते लक्षात राहतात आणि जे दगावले ते परत सांगायला येत नाहीत. म्हणून सारख्या स्थितीतील माणसांचे गट पाडावयाचे, कोणाला कोणता उपाय मिळावा हे वैद्याच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या ऐपतीवर न सोपवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपवावयाचे, आणि ठरलेल्या मुदतीनंतर प्रत्येक गटात किती जगले, किती गेले याचा हिशेब चोखपणे मांडावयाचा, ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यास क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या इंग्लंडमधील प्रयोगाने रूढ केली.

या रीतीने भारताचा फायदा फार लवकर झाला. मद्रासच्या क्षयचिकित्सा केंद्रात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब रोग्यांचे दोन गट केले गेले. एकाला आरोग्यधामात खाट मिळाली आणि दुसऱ्याला घरीच औषध. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, औषध नियमित घेतले तर घरचा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो आणि घरातील इतरांना त्याच्यापासून अधिक धोकाही पोचत नाही. मिरजेसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात जागा मिळावी म्हणून ज्या काळी कुटुंबे जमिनी गहाण टाकीत, त्या काळी या एका निष्कर्षाने साऱ्या जगातील क्षयचिकित्सेची दिशा पालटली. गरिबाच्या प्रश्नाचे उत्तर गरिबांमध्येच शोधले पाहिजे, हा या प्रयोगाचा धडा होता आणि चाळीस वर्षांनी उस्मानाबादेत त्याचीच पुनरावृत्ती झाली.

३

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे की, तो सवडीने येतो. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूच्या काही जाती, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाच्या, त्याचे मूळ कारण होत; हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, पेशींत विकृती घडवतो आणि त्या विकृतीचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. या मधल्या काळात विकृती सापडली, तर शीतोपचाराने किंवा विजेच्या तारेच्या फाशाने ती काही मिनिटांत काढून टाकता येते. पिशवी काढावी लागत नाही आणि स्त्री त्याच दिवशी घरी जाते. इतका प्रदीर्घ अवधी देणारा रोग असूनही आपल्या देशात दर वर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ८० हजार त्यात दगावतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे.

ही मधली अवस्था हुडकून काढायची कशी, हाच खरा प्रश्न होता. तीन मार्ग उपलब्ध होते. पहिला पॅप तपासणीचा. यात गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाश्चात्त्य देशांत याच तपासणीने हा रोग आटोक्यात आणला. परंतु तिला निष्णात डोळे लागतात आणि वारंवार तपासणी लागते. दुसरा मार्ग सौम्य ॲसिटिक आम्लाचा. ते लावल्यावर मिनिटभरात विकृत भाग पांढरा दिसू लागतो, हे प्रशिक्षित परिचारिकेलाही पाहता येते आणि खर्च नगण्य असतो. तिसरा मार्ग विषाणूच्या जनुकद्रव्याचीच चाचणी करण्याचा. ही महाग, पण पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नसलेली. यांपैकी कोणत्या मार्गाने खेड्यातील स्त्रियांचे मृत्यू खरोखर टळतात, याचे उत्तर जगात कोणापाशीही नव्हते.

१९९९ साली बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एकत्र येऊन, गेट्स प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने हा प्रश्न उस्मानाबाद जिल्ह्यात हाती घेतला. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत ही या प्रयोगाशी निगडित प्रमुख नावे. सहाच वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने याच जिल्ह्यातील उमरगे-लोहाऱ्याच्या बाजूची गावे जमीनदोस्त केली होती, हे आठवले म्हणजे कोणत्या लोकांनी या कामाला आपली दारे उघडली याची कल्पना येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आधारे गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि योगायोगाने त्यांची चार गटांत वाटणी झाली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या प्रयोगाच्या कक्षेत आल्या. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६, पॅपच्या गटात ३२,०५८ आणि आम्लतपासणीच्या गटात ३४,०७४ स्त्रिया होत्या. चौथ्या, म्हणजे तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणीऐवजी रोगाची माहिती आणि त्या वेळी प्रचलित असलेलीच आरोग्यसेवा मिळाली.

या आकड्यांमागे जे मानवी काम उभे होते, ते आकड्यांत मावत नाही. आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन नावे घ्यावीत, नवऱ्याची आणि सासूची समजूत घालावी, खुडणी-काढणीचे दिवस टाळून तारखा धराव्यात, ज्या स्त्रीने जन्मात पुरुष डॉक्टरला नाडी दाखवली नाही तिला परिचारिकेच्या हातून होणाऱ्या तपासणीला राजी करावे आणि दोष आढळला तर पुढील तपासणी-उपचारांपर्यंत तिला पोचवावे, हे सारे एकदा नव्हे, हजारो वेळा करावे लागले. विषाणूचाचणीसाठी निवडलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ चार-पंचमांश तपासणीला आल्या. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित स्त्रियांतही स्वेच्छेने इतका प्रतिसाद मिळणे दुर्मीळ आहे.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अग्रगण्य नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात या रोगाने ६४ मृत्यू झाले होते. विषाणूचाचणीच्या गटात, स्त्रियांची संख्या अधिक असूनही, ३४ झाले होते. पुढच्या अवस्थेला पोचलेले कर्करोग तुलनेच्या गटात ८२ होते आणि विषाणूचाचणीच्या गटात ३९. आयुष्यात केवळ एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅपच्या गटात ५४ आणि आम्लतपासणीच्या गटात ५६ मृत्यू झाले. तुलनेच्या गटाहून हा फरक निर्णायक म्हणता येण्याजोगा नव्हता. याचा अर्थ ते दोन मार्ग निरुपयोगी ठरले असा नव्हे. तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात आणि मुंबईच्या झोपडवस्त्यांत आम्लतपासणीनेही मृत्यू कमी झाल्याचे स्वतंत्र प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु जेथे स्त्रीची गाठ आयुष्यात एकदाच पडण्याचा संभव आहे, तेथे ती एक भेट कोणत्या चाचणीसाठी खर्ची घालावी, याचा निवाडा उस्मानाबादेने दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी विषाणूचाचणीलाच अग्रस्थान देणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्यामागे ज्या पुराव्याचे बळ आहे, त्यात बालाघाटच्या या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे.

४

तथापि या यशाचा ताळेबंद मांडताना त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. तुलनेच्या गटातील त्या ६४ स्त्रियांचे काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आणि वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांतून त्यावर कडवा वाद झाला. आक्षेप असा होता की, पॅप तपासणीने मृत्यू टळतात हे युरोपच्या अनुभवाने आधीच ठाऊक असताना, हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यू मोजणे अन्याय्य होते. संशोधकांचे उत्तर असे की, त्या काळी भारतात ग्रामीण स्त्रियांसाठी तपासणीची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नव्हती. तुलनेच्या गटाला जे मिळाले नाही ते जिल्ह्यातील आणि देशातील कोणत्याच गरीब स्त्रीला मिळत नव्हते. आणि खर्चिक कार्यक्रम देशभर लागू करण्यापूर्वी तो येथील परिस्थितीत तग धरतो की नाही, हे पाहणे प्राप्तच होते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, संशोधकांच्या उत्तरात तथ्य आहे, पण ते उत्तर अपुरे आहे. व्यवस्था नव्हती हे खरे. परंतु व्यवस्थेचा अभाव हा निसर्गनियम नव्हता, ती राज्यकर्त्यांची आणि समाजाची हयगय होती. त्या हयगयीचा आधार घेऊन जे ज्ञान मिळवले, त्या ज्ञानाने ती हयगय संपवली, तरच प्रयोगाचे नैतिक समर्थन पुरे होते. ज्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, त्यांच्या मृत्यूंनीच हे सिद्ध केले की तपासणीने मृत्यू टळतात. असे ज्ञान ज्याने घेतले, त्याच्यावर ऋण चढले. आणि हे ऋण शोधनिबंध छापून फिटत नाही.

५

बार्शीचे दुसरे मोठे योगदान त्याच विषाणूवरील लशीच्या बाबतीतले आहे आणि त्याची हकीकत दुर्दैव आणि सुदैव यांची विलक्षण सांगड घालणारी आहे. लशीच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतात काय, हे पाहण्यासाठी २००९ साली भारतातील अनेक केंद्रांत १० ते १८ वर्षे वयाच्या अविवाहित मुलींवर एक प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रातील बार्शी आणि पुणे ही त्यांपैकी दोन ठिकाणे होती. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत चाललेल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे निष्पन्न झाले नाही. परंतु वसतिगृहातील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्यासारखे गंभीर दोष उघडकीस आले, त्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये शासनाच्या हुकुमाने बार्शी-पुण्याच्या प्रयोगातील लसीकरणही थांबले आणि पुढे संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले.

हजारो मुलींना ठरलेल्या मात्रा मिळाल्या नाहीत. सुमारे पाच हजार मुलींना तर एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. वर्षानुवर्षे रक्ताचे नमुने घेतले गेले. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या, तरी त्यांचा ठावठिकाणा राखून पुढच्या तपासण्या होत राहिल्या. दहा वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला: १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा चिवट संसर्ग रोखण्यात एका मात्रेची परिणामकारकता ९५.४ टक्के, दोन मात्रांची ९३.१ आणि तीन मात्रांची ९३.३ टक्के, म्हणजे व्यवहारतः सारखीच. केनियातील प्रयोगानेही एका मात्रेच्या बाजूने कौल दिला आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच मात्रेचा पर्याय मान्य केला. यामुळे ही लस जगातील अनेक गरीब देशांच्या आवाक्यात आली. खम्ममच्या संमतिपत्रांतील हयगयीने जो विश्वास मोडला, तो बार्शीच्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन टिकवला, म्हणूनच हा निष्कर्ष हाती लागू शकला. विश्वास हीच प्रयोगाची खरी सामग्री आहे, आणि ती तालुक्याच्या रुग्णालयाजवळ जेवढी असते तेवढी महानगरातील भव्य इमारतीत क्वचितच असते.

६

येथे एक व्यापक प्रश्न उपस्थित होतो. कर्करोगाचे प्रयोग लहान रुग्णालयांत व्हावेत काय? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९८३ सालीच दिले. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने गावोगावच्या रुग्णालयांना प्रयोगांत सामील करून घेण्याची स्वतंत्र योजना आखली. कारण उघड होते. मोठ्या विद्यापीठीय रुग्णालयापर्यंत जो रोगी पोचतो, तो बहुधा तरुण, सधन आणि प्रवासाला धडधाकट असतो. त्याच्यावर सिद्ध झालेला उपचार साठी उलटलेल्या, मधुमेह जडलेल्या, अर्धपोटी शेतकऱ्याला तसाच लागू पडेल, याची हमी कोण देणार? शिवाय प्रयोगाच्या निमित्ताने लहान रुग्णालयाला शिस्त लागते. कागदपत्रे नीट राहतात, उपचाराची मुदत पाळली जाते, रोगी न आला तर त्याच्या घरी निरोप जातो. या शिस्तीचा लाभ प्रयोगात नसलेल्या रोग्यालाही मिळतो.

आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रश्न कोणी विचारायचे, हे पैसा ठरवत असतो. औषध कंपनी तिच्या नव्या औषधाविषयी प्रश्न विचारील. ज्याच्यात नफा नाही अशा गोष्टीविषयी ती विचारणार नाही. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर झालेला प्रयोग याचे उत्तम उदाहरण आहे. स्तनाच्या गाठीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे जुने, अत्यंत स्वस्त औषध टोचले, तर पाच वर्षांनंतर हयात राहण्याचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हा प्रश्न विचारण्यात कोणाचाही व्यापारी हितसंबंध नव्हता. तो सार्वजनिक पैशाने चाललेल्या रुग्णालयांनी विचारला, म्हणूनच त्याचे उत्तर मिळाले. बार्शीचे दोन्ही प्रयोग याच जातीचे होते: एकदाच केलेली चाचणी पुरते काय, लशीच्या कमी मात्रा पुरतात काय. कमी खर्चात किती जीव वाचतील हा प्रश्न गरीब देशाला सर्वांत निकडीचा असतो आणि तो त्याच्या वतीने दुसरे कोणी विचारीत नाही.

रोग्याच्या रक्षणासाठी आता कायद्याची चौकट पुष्कळ बळकट झाली आहे. प्रयोगांची जाहीर नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात सभासद असावे लागतात, त्यांतील निदान निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि त्यांत कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिकही असावा लागतो. प्रयोगामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे. निरक्षर माणसाच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार लागतो. तरीही ज्या घरात डॉक्टरच्या शब्दाला ‘नाही’ म्हणण्याची रीतच नाही, त्या घरातील स्त्रीचा अंगठा म्हणजे तिची संमती असे समजणे ही आत्मवंचना होय. तिला घरी जाऊन विचार करण्यास वेळ दिला गेला काय, मधूनच प्रयोग सोडला तरी उपचारात कसूर होणार नाही हे तिच्या बोलीत तिला समजावले काय, आणि तिच्यापाशी हे बोलणारा कार्यकर्ता तिच्या ओळखीचा होता काय, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नमुन्यातल्या कागदावर लिहिलेली नसतात. ती रुग्णालयाच्या दैनंदिन वागणुकीत सापडतात.

७

आता ऋणाच्या हिशेबाकडे वळू. उस्मानाबादचा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन दहा वर्षे लोटल्यावर, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी झाली होती. ज्या मातीतून हे ज्ञान निघाले, त्या मातीतील स्त्रीला ते मिळाले नाही. मिळाले ते काय? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो स्त्रियांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढून टाकल्या गेल्याची गोष्ट २०१९ साली राज्य शासनाच्या समितीपुढे आली. ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालून शस्त्रक्रिया गळ्यात मारल्याचे त्यांतील कित्येक जणींनी सांगितले. जी शंका एका चाचणीने आणि काही मिनिटांच्या उपचाराने निकालात निघाली असती, तिच्यापायी बायकांनी उचल घेऊन, कर्ज काढून आपले शरीर कापून घेतले. ज्ञान उपलब्ध असून ते न पोचवणे हा अज्ञानाहून मोठा अपराध आहे, याचे याहून विदारक प्रमाण मला ठाऊक नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रयोगाचा शेवट निष्कर्ष छापला म्हणजे होतो, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. ज्या समाजाने आपले शरीर, आपला वेळ आणि आपला विश्वास देऊन एखादे सत्य सिद्ध केले, त्या समाजाला त्या सत्याचे फळ प्रथम मिळेपर्यंत प्रयोग अपुराच समजावा. शासनाने विषाणूचाचणी तालुका रुग्णालयापर्यंत आणावी आणि तिचा आरंभ धाराशिव जिल्ह्यापासून, विशेषतः तुलनेच्या गटात असलेल्या गावांपासून करावा. हा उपकार नव्हे, ही थकलेली परतफेड आहे. नवा प्रयोग मंजूर करताना नीतिसमितीने ‘हा यशस्वी झाला तर या गावाला काय मिळणार आणि ते कोण देणार?’ हा प्रश्न विचारून त्याचे लेखी उत्तर घ्यावे. लहान रुग्णालयांना स्वतःचे प्रश्न स्वतः विचारता यावेत यासाठी सार्वजनिक निधी राखून ठेवावा.

आणि वाचकांनाही एक विनंती. आपल्या घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची, घरकामाला येणाऱ्या बाईसकट, एकदा तरी ही तपासणी करवून घ्यावी. नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला लस द्यावी. आणि आपल्या आप्तांपैकी कोणाला रुग्णालयात प्रयोगाविषयी विचारले गेले, तर भिऊन उठून न जाता शांतपणे सारे प्रश्न विचारावेत, उत्तरे पटली तरच होकार द्यावा आणि न पटली तर निःसंकोच नकार द्यावा. १,३१,७४६ स्त्रियांनी जे सिद्ध करून दिले आहे, ते आता पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही. ते अमलात आणण्याचे काम तेवढे शिल्लक आहे, आणि ते आपले आहे.